विटेवर उभी गिटार

मी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवते. बसून वाजवते आणि गिटार उभी धरते. खुंट्या माझ्या कानाजवळ असतात आणि बूड खाली एका लाकडी खोक्यावर. असं वाजवणारं दुसरं कोणी मी आमच्या भागात पाहिलेलं नाही, म्हणून कार्यक्रम संपला की लोक स्टेजजवळ येतात. धाडला एक म्हातारबाबा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बाई, हे वाजवाचं हाय का पेराचं?" त्यांना ती पेरणीची तिफण वाटली असावी. एका लग्नात नवरीच्या मामांनी विचारलं, की बाकी सगळे उभे असताना तुम्हीच काऊन बसल्या. मला अशा वेळी काही सुचत नाही. मी नुसती मान हलवते. म्हणून इथे वहीत लिहून ठेवते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. माहेर धाडजवळच्या खेड्यात. वडील भजनी मंडळात होते आणि घरात एक एकतारी होती. ती मी लहानपणापासून धरायला शिकले. लग्न होऊन देऊळगाव राजाला आले. आमचे हे लाऊडस्पीकर आणि साऊंडचं काम करतात. घरामागे पत्र्याची खोली आहे, तिथे त्यांचे स्पीकरचे डबे, वायरी आणि मशीन असतात. वसंताभाऊंच्या ऑर्केस्ट्राची तालीमही तिथेच चालायची, अजूनही चालते.

त्यांचा बेसवाला पुण्याला कंपनीत लागला आणि गिटार आमच्या खोलीत राहिली. ती वसंताभाऊंची. दुपारी घरात कोणी नसताना मी ती मांडीवर घ्यायची. एकतारीला एक तार, हिला चार. मी आधी एकच तार शिकले. महिनाभर ती पुरली. पुढचं इरफानभाईंनी दाखवलं. ते कीबोर्ड वाजवतात. एका कार्यक्रमाला बदली बेसवाला आलाच नाही, तेव्हा इरफानभाई वसंताभाऊंना म्हणाले, "वहिनीले घेऊन चला. येते त्याईले." मी नाही म्हणत होते. त्या दिवशी स्पीकरच्या मागे उभी राहून वाजवलं. त्याला आता तेरा वर्षं झाली.

बेस म्हणजे काय ते ऑर्केस्ट्रा नुसता पाहणाऱ्याला माहीत नसतं. लोकांना गाणं ऐकू येतं, ढोलकी ऐकू येते, कीबोर्ड ऐकू येतो. बेसचा आवाज जाड आणि खालचा असतो, तो कानापेक्षा पोटात जास्त लागतो. गाणाऱ्याला मात्र तो पायाखाली लागतो. आमच्या कमलताई म्हणतात, तू वाजवत असली की मले खाली पाहा लागत नाही. कमलताई आमच्या मुख्य गायिका. पन्नाशी ओलांडलेल्या. वसंताभाऊंनी ऑर्केस्ट्रा काढला तेव्हापासून त्या आहेत. मला हे काम आवडतं, कारण यात मागे उभं राहायचं असतं.

गिटार पट्ट्याने डाव्या खांद्यावर लटकते. वजन चार किलोच्या वर. साडीच्या पदराखाली पट्टा सरकतो, म्हणून मी खांदा वर उचलून धरायची. बारा वर्षं तसाच धरला. मागच्या वर्षी तो खांदा आखडला. आधी अंबाडा बांधता येईना, मग दोरीवर कपडे टाकता येईनात. चिखलीच्या डॉक्टरांनी हात वर करून पाहिला. कानाच्या वर तो गेलाच नाही. ते म्हणाले, "यावर आता काही लटकवायचं नाही. पर्सही नाही."

हे मी वसंताभाऊंना सांगितलं नाही, आमच्या ह्यांनी सांगितलं. वसंताभाऊ चांगले आहेत, पण त्यांना कार्यक्रम चालवायचा असतो. ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, आता तर सगळ्याच ऑर्केस्ट्रा पार्ट्या कीबोर्डवरच बेस वाजवते. इरफान डाव्या हातानं सांभाळन. तुम्ही आराम करा."

त्यांनी ते चांगल्या मनानेच म्हटलं होतं. मी म्हणाले, "पंधरा दिवस द्या."

मी त्यांच्याशी आपणहून इतकं कधी बोलले नव्हते. त्यांनी कप खाली ठेवला. "बरं. संग्रामपूरचं लग्न हाय पंधरा दिवसानं. त्याच्यात पाहू."

पट्टा नको, तर गिटार जमिनीवर टेकवायची, एवढंच मला सुचलं. पहिल्यांदा मी मांडी घालून बसले आणि वडील एकतारी धरायचे तशी ती खांद्याला लावली. ते जमलं नाही. एकतारीत उजवा हात वाजवतो आणि डावा नुसता सांभाळतो. गिटारीत डाव्या हाताला दांडीवरचे पडदे, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्या, दाबायचे असतात. दोन्ही हात कामाला लागले की धरायला कोणी उरत नाही, आणि ती हळूहळू गोल फिरून तोंड भिंतीकडे करते. शिवाय खाली बसलं की खुंट्या डोक्याच्या वर जातात. तिथे माझा हात पोचत नव्हता.

मग खुर्चीवर बसले आणि गिटार समोर जमिनीवर उभी केली. डाव्या हाताला बरं वाटलं, पण तारा छेडायची जागा गुडघ्याच्या खाली गेली. निंदायला वाकावं तशी मी वाकले. दोन गाण्यांत कंबर गेली. म्हणून तिला स्टुलावर ठेवून मी उभी राहिले, तर उजव्या हाताला छान आणि डावा पुन्हा कानाच्या वर. मधलं काही सापडेना. उजव्या हाताला ती वर हवी आणि डाव्याला खाली, आणि गिटार तर एकच.

आमचे हे म्हणाले, "दोन गुडघ्यात धर. टीव्हीत ते मोठं व्हायोलिन धरते तशी."

दार लावून मी तेही करून पाहिलं. गिटार हलत नाही, हे खरं. पण साडीत तसं बसून मी चार माणसांसमोर वाजवू शकले नसते. तसं वाजवायचं तर वाजवणं सोडलेलं बरं, असं मला वाटलं आणि मी तसं बोललेही. ते उठले. बाहेर गेले आणि अंगणातली एक वीट घेऊन आले.

वीट उभी ठेवून तिच्यावर गिटारीचं बूड टेकवलं, गिटार डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूने घेतली आणि दांडी थोडी मागे, माझ्या खांद्याकडे कलती केली. कलती केल्याने खुंट्या कानाच्या खाली आल्या. उजवा हात सरळ सोडला तर दांडी संपते तिथे पडत होता. खरं तर तारा त्याच्याही खाली छेडतात. पण मी तिथेच छेडल्या. आवाज वेगळा आला, पहिल्यापेक्षा गोल. मृदंगाच्या डाव्या बाजूवर ओली कणीक लावल्यावर निघतो त्या जातीचा. दुसऱ्या दिवशी इरफानभाईंनी ऐकला आणि पुन्हा वाजवायला लावला. "वहिनी, हे कीबोर्डात नाही निघत," ते म्हणाले. म्हणजे बेस जायचा होता त्यांच्याचकडे, आणि तेच असं म्हणत होते.

वसंताभाऊ तालमीला आले, त्यांनी पाहिलं आणि हसले. "विटेवर उभी केली का बाईनं. आता फक्त कमरेवर हात ठेवा." सगळे हसले, मीही हसले. मग आमच्या ह्यांनी विटेच्या उंचीचं लाकडी खोकं केलं, वर बूड बसेल अशी खोलगट जागा कोरली. गिटार फिरू नये म्हणून जुना पट्टा खुर्चीच्या पाठीला बांधला.

संग्रामपूरच्या आधी धाडला एक छोटा कार्यक्रम होता. तो म्हातारबाबांचा प्रश्न तिथलाच. तिथे मला नवीनच कळलं. स्टेज फळ्यांचं होतं. पोरं नाचायला चढली आणि त्यांचं प्रत्येक पाऊल फळीतून खोक्यात, खोक्यातून गिटारीत आणि तिथून स्पीकरमध्ये जायला लागलं. मी हात उचलला तरी धडधड चालूच. खांद्यावर असताना तिला जमीन माहीतच नव्हती. वसंताभाऊ माझ्याकडे पाहू लागले. आमच्या ह्यांना खाली मशीनजवळ ते कळलं. ते वर आले, पायातल्या रबरी चपला काढल्या, खोक्याखाली सारल्या आणि अनवाणी परत गेले. आवाज बंद झाला. आता चपलांच्या जागी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठोकले आहेत.

एक अडचण मात्र मी मनातच ठेवली होती. गिटार उभी केली की पडद्यांची तोंडं लोकांकडे होतात. कितवा पडदा हे कळायला दांडीवर पांढरे ठिपके असतात, ते मला दिसत नाहीत. कडेला बारीक ठिपके असतात, पण या गिटारीचे झिजून गेले होते. बारा वर्षांची हाताची सवय होती, पण ती आडव्या दांडीची. उभ्या दांडीवर हात वर जाताना अंदाज चुकायचा. मग मी दांडीच्या कडेला टिकल्या लावल्या. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि बाराव्या पडद्याजवळ. कपाळाच्याच, बारीक, लाल. घरात त्या छान चालल्या. धाडलाही चालल्या, तिथे संध्याकाळ होती आणि वारा होता.

संग्रामपूरला लग्न सकाळचं होतं. अकरा वाजता मांडवात जेवणं सुरू झाली आणि आम्हीही. वर पत्रे होते आणि ऊन असं, की कीबोर्डला हात लागला तरी चटका बसायचा. तिसरं गाणं माझ्यापासून सुरू होतं. आधी मी एकटी आठ मात्रा वाजवते, मग ढोलकी आणि कीबोर्ड येतात, मग कमलताई. मी पाचव्या पडद्याची टिकली पाहून बोट ठेवलं आणि सुरू केलं.

टिकली सरकलेली होती. घामाने तिचा डिंक सुटला होता आणि पहिल्या दोन गाण्यांत माझ्या अंगठ्याने तिला एक पडदा खाली, बुडाकडे, नेलं होतं; तिकडे गेलं की सूर चढतो. मी अर्धा सूर वर सुरुवात केली. मला पहिल्याच सुराला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण एकटं वाजवताना तुलना करायला काही नसतं. चौथ्या मात्रेला खात्री पटली. तोपर्यंत थांबणं शक्य नव्हतं.

इरफानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. कीबोर्डवर एक बटण असतं, ते एकदा दाबलं की सगळा कीबोर्ड अर्धा सूर वर जातो. त्यांनी ते दाबलं आणि माझ्या सुरात आले. ढोलकीचा प्रश्न नव्हता. ऐकणाऱ्यांतल्या कोणालाही काही कळलं नसतं.

कमलताईंनी कीबोर्डवरून सूर उचलला आणि गायला लागल्या. ते गाणं त्यांच्या गळ्याला मुळातच वर आहे. अंतऱ्यात एक जागा अशी येते, की तिच्या पुढे त्यांना जाता येत नाही, आणि ती जागा त्या नेमकी घेतात. त्या दिवशी ती अर्धा सूर आणखी वर होती. आवाज फाटला. त्यांनी हसून माइक थोडा दूर नेला. दुसऱ्या अंतऱ्यात त्यांनी पुन्हा घेऊन पाहिली, पुन्हा फाटली. मांडवात मागे कोणीतरी शिट्टी मारली.

गाणं संपल्यावर मी टिकल्या उपटून काढल्या. इरफानभाईंनी बटण पहिल्यासारखं केलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मी काही बोलणार नाही, वहिनी. तुम्ही वाजवा." पुढची गाणी मी कानावर वाजवली आणि ती बरोबर झाली. पण कमलताई पुढे एकदाही मोकळ्या आवाजात गायल्या नाहीत. वरच्या जागा येतील तिथे त्या माइक लोकांकडे धरत होत्या.

दोन वाजता आम्ही गाडीत बसलो. वसंताभाऊ पुढे, मी आणि कमलताई मधल्या सीटवर, इरफानभाई आणि ढोलकीवाले मागे. आमचे हे सामानाच्या टेम्पोत होते. वसंताभाऊ खुशीत होते. मान वळवून मला म्हणाले, "वहिनी, जमलं बरं का. बेस चांगला वाजला. आता तुम्ही हायच." ज्यासाठी मी पंधरा दिवस मागितले होते ते मला मिळालं होतं.

नांदुरा गेल्यावर ते पुन्हा बोलले, यावेळी कमलताईंशी, पण मागे न पाहता. "कमलताई, गळ्याले काही झालं का?"

"नाही."

"मले वाटलं थंड प्याले असान."

"नाही वो भाऊ."

मग ते म्हणाले, "वरची दोन-तीन गाणी त्या चिखलीच्या नव्या गाणाऱ्या पोरीले देऊन पाहू. तुमच्यावरचा भार कमी होईन."

मला आराम करा म्हणाले होते तोच हा आवाज होता. कमलताई म्हणाल्या, "द्या. तिचा गळा कोवळा हाय." आणि त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

मला तेव्हाच बोलता आलं असतं. तीन शब्दांचं काम होतं. पण मघाच मिळालेली जागा ते तीन शब्द काढून घेतील असं वाटत होतं. इरफानभाईंनी बोलणार नाही म्हटलं होतं, त्यामुळे गप्प राहणं आणखी सोपं झालं होतं. मोताळा गेलं. घाट चढून बुलडाणा आलं. मी मनात वाक्य जुळवत होते आणि मोडत होते. कमलताई एरवी गाडीत सतत बोलतात, कोणाच्या सुनेचं, कोणाच्या साडीचं. त्या दिवशी पुढचे दोन तास त्यांनी खिडकीकडचं तोंड वळवलं नाही.

चिखलीला चहाला थांबलो. बाकड्यावर सगळे बसले. चहा आला तेव्हा मी कप घेतला नाही, कारण हातात काही असतं तर मी पुन्हा थांबले असते. मी वसंताभाऊंना म्हणाले, "गाणं मी वर सुरू केलं. माझी टिकली सरकली होती."

त्यांना आधी समजलंच नाही. ते माझ्या कपाळाकडे पाहू लागले. मग मी सगळं सांगितलं, पडदे, घाम, अंगठा. इतकं सलग मी कोणासमोरच बोललेले नाही. बोलताना मी टेबलाकडेच पाहत होते. इरफानभाई म्हणाले, "हाव भाऊ, मी बटण मारलं होतं. अर्धा सूर वर होतं गाणं."

कमलताईंनी बशी खाली ठेवली. "अर्धा वर होतं?"

"हो, ताई."

त्या तिथेच, हॉटेलात, बाजूला लोक भजी खात असताना, ती अंतऱ्याची ओळ हलक्या आवाजात म्हणू लागल्या. ती जागा आली. त्यांनी ती घेतली, बरोबर घेतली आणि थांबल्या. भजी खाणाऱ्या दोघांनी वळून पाहिलं. कमलताईंचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता.

"अवं बाई, नांदुऱ्यातच सांगाचं ना. तवापासून मी गाणं सोडून बसली होती. घरी गेल्यावर पेटी कोणाले द्याची, तेही ठरवून राह्यली होती."

 चूक टिकलीची होती असं म्हणता येतं. पण नांदुऱ्यापासूनचे ते दोन तास माझे होते.

वसंताभाऊंनी चहा ढवळला. मला वाटलं, आता ते कीबोर्डचं म्हणतील. ते इरफानभाईंना म्हणाले, "तू तरी सांगाचं ना बे." मग मला म्हणाले, "नाचाची गाणी इरफान वाजवन. त्याच्यात तसाही धिंगाणा असते. कमलताईची गाणी तुमच्याकडं. आणि दांडीवर रंगाचे ठिपके मारून घ्या, पक्के." चिखलीच्या मुलीबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत.

आमच्या ह्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटने ठिपके मारून दिले. ते घामाने जात नाहीत. खांदा अजून पूर्ण सुटलेला नाही, पण अंबाडा बांधता येतो. नाचाच्या गाण्यांना मी हात मांडीवर ठेवून बसून राहते, याची सवय व्हायला वेळ लागला. तेवढा वेळ स्टेजवर बसून काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

कमलताईंनी तो विषय परत काढला नाही. पण त्या दिवसापासून कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्या खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसतात आणि म्हणतात, "दे." मी पहिल्या गाण्याचा सूर छेडते. त्या डोळे मिटून तो गळ्यात घेतात, वरची जागा एकदा हळूच चाचपून पाहतात. मग दुसऱ्या गाण्याचा, मग तिसऱ्याचा. लोक येऊन बसत असतात, वसंताभाऊ घड्याळ दाखवत असतात. कमलताईंनी हाव म्हटल्याशिवाय मी पुढच्या सुराला हात लावत नाही.